बंड्याचा गुडघा

बंड्याचा गुडघा गेला तेव्हा मी लसूण सोलत होते. टीव्हीच्या पडद्यावर एक चौकोन उमटला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, उरलेला सीझन बाहेर. बास, एवढंच. ना कोणी कळवळलं, ना स्ट्रेचर आलं. माझ्या हातातली पाकळी मात्र अर्धी सोललेलीच राहिली.

बंड्या क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. वय सव्वीस, उंची सहा फूट दोन इंच, आणि तो या जगात कुठेच नाही.

झालं असं, की लेक कॉलेजसाठी कोलंबसला गेला. आमच्या घरापासून गाडीने सव्वादोन तास. जाताना त्याने हिवाळ्याची जाकिटं नेली नाहीत, लोणचं नेलं नाही आणि गेमचा डबाही नेला नाही. "तिकडे वेळ नाही मिळणार. आई, माझी टीम सांभाळशील? नुसतं सिम करायचं." मला वाटलं, झाडांना पाणी घालण्यासारखं काहीतरी असेल.

गेमचं नाव मॅडन. जॉन मॅडन हे एके काळी ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. संगणकात तेव्हा अकरा-अकरा माणसं मावत नव्हती, म्हणून कंपनीने कमी खेळाडूंचा खेळ करू असं सुचवलं, तर हे गृहस्थ हटून बसले. अकरा नसतील तर तो फुटबॉल नव्हे, आणि त्याला माझं नाव नको. शेवटी अकरा मावले आणि १९८८ साली पहिला गेम आला. या गोष्टीमुळे माणूस मला आवडला. आता त्यात फ्रँचाइज नावाचा प्रकार असतो. अख्खा संघ तुमच्या ताब्यात. पगार ठरवा, नवी पोरं निवडा, म्हाताऱ्यांना काढा. सामना स्वतः खेळायचा नसेल तर सिम्युलेट करा. बटण दाबलं की रविवार संपतो. सतरा सामने संपले की सीझन संपतो. हे सगळं मला एका संध्याकाळी जमायचं, आणि कुकरच्या शिट्ट्याही चुकायच्या नाहीत.

क्वार्टरबॅक कोण, हे माझ्या आईला फोनवर सांगताना मी म्हटलं होतं, लग्नघरात एक मामा असतो बघ, ज्याच्या कनवटीला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. आचारी त्याला विचारतो, भटजी त्याला विचारतात, बस कुठे लावू हेही त्यालाच. फरक इतकाच, की या मामाला उत्तर द्यायला जेमतेम तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे चार व्याही अंगावर धावून येतात. आई म्हणाली, "मग तो किल्ल्या टाकून पळत का नाही?" पळतो ना. कधी कधी तेही करतो.

गेममधले खरे खेळाडू दर वर्षी म्हातारे होतात आणि त्यांच्या जागी गेम स्वतःच नवी पोरं जन्माला घालतो. नाव, गाव, कॉलेज, वजन, सगळं फासे टाकल्यासारखं. प्रत्येकाला शंभराच्या आतले गुण. कोणाचा हात जोरदार, कोणाची नजर चांगली. पण पोराच्या आत काय दडलंय हे गेम आधी सांगत नाही. त्याला मैदानात उतरवावं लागतं, पुष्कळ खेळवावं लागतं, मग कधीतरी कळतं की हा साधा निघाला की हिरा. म्हणजे पत्रिका हातात, पण ती लग्नानंतर उघडायची.

बंड्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवी पोरं निवडण्याच्या, चौथ्या फेरीत मिळाला. गुण चौसष्ट. मी त्याला का घेतला? दुसऱ्या पोरापेक्षा याचा चेहरा भाबडा होता. लेकाला सांगितलं तर तो आधी गप्प झाला, मग मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे. टॉम ब्रेडीसारखा महान क्वार्टरबॅकही सहाव्या फेरीत एकशे नव्व्याण्णवावा होता." गेमने त्याला दिलेलं आडनाव इथल्या टेलिफोन डिरेक्टरीत पानभर सापडेल असं होतं. नाव बदलता येतं असं कळल्यावर मी तिथे रोमन लिपीत बंड्या टाइप केलं.

खरं तर हा दुसरा बंड्या. पहिला बंड्या मिरजेला होता.

दादा आणि मी पुस्तक-क्रिकेट खेळायचो. जाडजूड गाईड घ्यायचं, मध्येच उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. दोन, चार, सहा म्हणजे तेवढ्या धावा, आठाला आमच्यात एकच, आणि शून्य आलं की आऊट. दादाच्या संघात गावसकर, वेंगसरकर, विश्वनाथ. माझ्याही संघात तेच, पण सहा नंबरला बंड्या. तो कोणीच नव्हता. त्याच्यासाठी मी शंभर पानी वही केली होती. प्रत्येक डाव, तारीख, धावा, सरासरी. एका मे महिन्यात बंड्याला फॉर्मच सापडेना. शून्य, चार, शून्य, शून्य. मला जेवण जाईना. मग मी गाईड १५६ व्या पानावर उघडून त्यावर पाटा ठेवला, रात्रभर. दुसऱ्या दिवशी पुस्तक कसंही उघडा, तिथेच उघडायचं. बंड्याने एकशे बत्तीस मारल्या, एकूण बावीस सिक्सर. तेविसाव्याला दादाने पुस्तक हातात घेऊन पाठीच्या शिवणीकडे बघितलं. वहीत त्या डावावर लाल पेनाने रद्द असं लिहून ठेवलं. ते पान मी बरीच वर्षं फाडलं नव्हतं.

तर हा दुसरा बंड्या दोन वर्षं बाकावर बसला. तिसऱ्या वर्षी आधीचा माणूस दुसऱ्या संघात गेला आणि किल्ल्या याच्याकडे आल्या. पहिल्या सीझनला सतरापैकी सहा जिंकले. क्लीव्हलंडमध्ये याला वाईट म्हणत नाहीत.

इथे जरा थांबते, कारण क्लीव्हलंड हे प्रकरण बाहेरच्यांना समजत नाही. या संघाच्या नारिंगी हेल्मेटवर चिन्ह नाही. सगळ्या लीगमध्ये एकट्याच्याच नाही. १९९५ च्या सीझननंतर मालकाने सगळा संघ उचलून बॉल्टिमोरला नेला, आणि तीन वर्षं या शहरात रविवार रिकामा गेला. १९९९ मध्ये ब्राउन्स नव्याने उभे राहिले, तेव्हापासून तीसच्या वर क्वार्टरबॅक झाले. त्यांची नावं पाठीवर एकाखाली एक चिकटवलेली जर्सी पाहिलीय मी, शेवटची नावं पार शर्टाच्या टोकाशी लोंबत होती. २०१७ मध्ये तर सोळापैकी सोळा हरले. तेव्हा जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो माणसं जमली आणि त्यांनी 'परिपूर्ण सीझन'ची मिरवणूक काढली. स्टेडियमभोवती गोल फिरले, म्हणजे वरून शून्याचा आकडा दिसेल असे. प्रदक्षिणाच ती. देव पावत नाही हे माहीत असूनही घातलेली.

अशा गावात बंड्या चौथ्या सीझनला नऊपैकी सात सामने जिंकून बसला होता. पत्रिकाही उघडली होती आणि आत बऱ्यापैकी ग्रह निघाले होते. आणि दहाव्या सामन्याला तो चौकोन आला.

मी हात पुसले. लेक म्हणायचा, काही बिघडलं तर सेव्ह न करता बंद कर, मागच्या आठवड्यावर येशील. आपोआप सेव्ह होणं त्यानेच बंद करून ठेवलं होतं, कारण मी कुठलंही बटण दाबते असा त्याचा अनुभव. मी उठले, लसणाची सालं कचऱ्यात टाकली, परत आले आणि गेम बंद केला. पुन्हा चालू केला. तोच रविवार पुन्हा घातला. या वेळी ब्राउन्स तीन गुणांनी हरले, बंड्याचे तीन चेंडू समोरच्यांनी पकडले, पण गुडघा शाबूत होता.

तेव्हा काहीच वाटलं नाही. रात्री अंथरुणात वाटलं. जो बंड्या जखमी झाला तो कुठे गेला? मीच तर त्याला आवारात टाकून दार लावून घेतलं. नवऱ्याला सांगितलं तर तो कुशीवर वळून म्हणाला, "झोप. उद्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचाय."

पुढचे सीझन भराभर गेले. तीन वेळा प्लेऑफ म्हणजे बाद फेरी, एकदा उपांत्य फेरी, पण सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, नाही. गेमच्या समालोचकांकडे ठरावीक आडनावांचीच ध्वनिमुद्रणं असतात आणि त्यात बंड्या असण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे कधी सामना थोडा वेळ बघत बसले, तर ते दोघं त्याला आयुष्यभर 'द क्वार्टरबॅक' किंवा नुसतं 'नंबर चार' म्हणत राहिले. मला वाईट वाटायचं. मग शेजारच्या आजोबांनी एक गोष्ट सांगितली.

आजोबांचा जन्म इथलाच, पोलाद कारखान्यातून निवृत्त. बर्फ काढताना आमचं बोलणं होतं. ऐंशीच्या दशकात इथे बर्नी कोसार नावाचा क्वार्टरबॅक होता. याच भागातला, यंगस्टाउनजवळचा मुलगा. पळताना अडखळल्यासारखा दिसायचा, चेंडू विचित्र कोनातून फेकायचा, पण डोकं भयंकर. पदवी लवकर संपवून १९८५ मध्ये तो हट्टाने घरच्या संघात आला. इतर ठिकाणचे हुशार मुलगे क्लीव्हलंड टाळतात, हा मागून घेऊन आला. १९९१ मध्ये आजोबांच्या मुलाकडे टेक्मो नावाचा गेम होता. त्यात जवळजवळ सगळ्यांची खरी नावं होती, पण कोसारच्या जागी नुसतं लिहिलेलं, क्यूबी ब्राउन्स, म्हणजे ब्राउन्सचा क्वार्टरबॅक. नावं वापरण्याच्या करारात तो नव्हता म्हणून. "पण आमच्या पोराला ठाऊक होतं तो कोण ते," आजोबा म्हणाले.

मग फावड्यावर हनुवटी टेकवून त्यांनी पुढचं सांगितलं. नोव्हेंबर १९९३. संघ काही वाईट खेळत नव्हता, आठपैकी पाच जिंकलेले. आणि प्रशिक्षकांनी भर सीझनमध्ये बर्नीला काढून टाकलं. कारण दिलं, ओसरत चाललेली कौशल्यं. ते प्रशिक्षक म्हणजे बिल बेलिचिक. पुढे याच माणसाने त्या एकशे नव्व्याण्णवाव्या ब्रेडीला हाताशी धरून सहा सुपर बोल जिंकले. त्यामुळे त्यांना काही कळत नव्हतं असंही म्हणता येत नाही, आणि आजोबांची हीच मोठी पंचाईत आहे. "बरोबर असेलही तो," ते म्हणाले. "पण असं सांगतात का?" कोसार डॅलसला गेला, तिथे राखीव म्हणून बसून त्याच हंगामात विजेत्या संघात होता. आजोबांनी तो सामना पाहिला नाही.

ओसरत चाललेली कौशल्यं. आमच्या गेममध्ये हे आकड्यात दिसतं. पस्तिशीनंतर दर उन्हाळ्यात बंड्याचा एक गुण कमी व्हायला लागला. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. मग एकदम चौऱ्याऐंशी. शेजारी बाण, लाल, खाली तोंड केलेला. हाताचा जोर गेला, नजर राहिली. हे गेम बनवणाऱ्यांना कसं कळलं असेल? माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. पायऱ्या चढवेनात, पण ताटात मीठ कमी आहे हे वासावरून सांगायचे.

लेकाचा फोन यायचा. सुरुवातीला फी, परीक्षा, खोकला, आणि मग टीम.

"आई, तू त्याला अजून ठेवलंयस? किती पगार आहे त्याचा!"

"आहे थोडा जास्त."

"कट कर त्याला. सरळ ड्राफ्टमध्ये नवीन घे."

"कट काय कट? भेंडी आहे का ती?"

"अगं, गेम आहे!"

मी कट केलं नाही. छत्तिसाव्या वर्षी खेळवलं, सदतिसाव्या वर्षी खेळवलं. सात जिंकले, मग पाच जिंकले. दोन्ही वर्षी बचावाच्या फळीला पैसे उरले नाहीत, कारण ते बंड्याला दिलेले. उत्तम मालकीणबाईंनी असं करू नये. पण मी काही मालकीणबाई नव्हते, मी त्याचं सगळं बघितलेली एकमेव बाई होते.

फेब्रुवारीच्या शेवटी, बाहेर दोन फूट बर्फ असताना, सीझननंतरच्या यादीत त्याचं नाव आलं. निवृत्त खेळाडू. वय अडतीस. त्याच्या वर एक बचावपटू, खाली एक किकर. सोळा सीझन, ३३८ टचडाऊन, म्हणजे गोलच म्हणा, आणि २४१ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले चेंडू. निरोपाचा सामना नाही, हार-तुरे नाहीत. एक ओळ, आणि खाली पुढे जाण्याचं बटण. मी ते दाबलं नाही. टीव्ही बंद केला आणि डबा तसाच राहू दिला.

मार्चमध्ये लेक सुट्टीला आला. बॅग दारातच, बूट मध्येच, आणि हा सोफ्यावर. सवयीने चालू केलं, तर तीच यादी. त्याने बंड्याचं पान उघडलं आणि एकेक सीझन खाली सरकवत गेला. मी ओट्याशी होते, पण कान तिकडे.

"चौथ्या फेरीतला ना हा? बाप रे, इंटरसेप्शन बघ किती!" मग थोडा वेळ नुसता बटणाचा आवाज. "पण आई, सोळा वर्षांत एकसुद्धा मोठी इंजरी नाही. एक पण नाही. असं होतच नाही गं सहसा. काय नशीब घेऊन आला होता!"

"आलं घालू का चहात?" मी विचारलं.