अभद्र तोंड

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळी दूध काढायला गेले तर मेदुसा, ग्रीक कथेतल्या सापांच्या केसांच्या बाईच्या चित्राचा माझा मॅग्नेट, फ्रिजवर नव्हती. ओट्यावर, डब्यांच्या मागे पालथी पडलेली. "असलं अभद्र तोंड नको गं स्वयंपाकघरात. कापलेलं मुंडकं ते," आई म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. साधा मॅग्नेट, पण दिवसभर डोक्यातून जाईना. ऑफिसात दोनदा डोळे भरून आले.

फ्लॉरेन्सला, उफिझी संग्रहालयात, सगळे पुढे निघून गेले तरी मी तिच्या मूळ चित्रासमोरून हलले नव्हते. मंदार हाका मारत होता. त्यावरून नंतर जे झालं ते जाऊ दे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने ती लाकडाच्या फुगीर ढालीवर कापड चढवून रंगवलीय, जेमतेम दोन फुटांची. 1598 च्या सुमारास कार्डिनल (चर्चचे बडे धर्मगुरू) देल मोंतेने ती तिथला राज्यकर्ता फेर्दिनांदो मेदिचीला भेट दिली. मागच्या हिरव्यावर डोक्याची सावली अशी टाकलीय की ढाल आत खोल गेल्यासारखी वाटते आणि डोकं आपल्या अंगावर येतं. मॅग्नेटवर यातलं काहीच नाही. तो सपाट.

तिच्याशी नजर भिडली की माणसाचा दगड होतो, म्हणून मी मुद्दाम नजर गाठायला गेले. वाकले, बाजूला सरकले. जमलंच नाही. ती खाली बघते, कुणाकडेच नाही. तोंड सताड उघडं, दात दिसतात, मानेतून रक्ताच्या धारा, आणि आवाज नाही. चेहरा काराव्हाज्जोचा स्वतःचाच, असं म्हणतात. तसं असेल तर ती किंकाळी आधी त्याने आरशासमोर काढून पाहिली असणार.

यात अभद्र काय? ग्रीक लोक हाच चेहरा ढालींवर, देवळांवर लावायचे, वाईट दूर राहावं म्हणून. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं. तेही नुसतं तोंडच, आणि आई त्याला हात लावूनच आत जातात. हे सकाळी सुचलं असतं तर! पण मी काहीच बोलले नाही. वीस वर्षं झाली या घरात, आणि फ्रिजच्या दारावर वीतभर जागा माझी नाही. तोंड उघडायचं आणि आवाज फुटायचा नाही, एवढंच.

संध्याकाळी भाजी निवडताना जरा निवळले. त्या फ्रिजवर आईंच्या औषधांचा कागद असतो. पहाटे त्या एकट्याच तिथे उभ्या असतात, आणि झोपेतून उठून समोर ती किंकाळी. मीही दचकले असते. मॅग्नेट माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावला, साड्यांच्या बाजूला. लोखंडी दार, घट्ट बसला.

रात्री पायांना तेल लावताना आईंनीच विषय काढला. "का गं कापलं तिला?"

रोमन कवी ओव्हिडने सांगितलीय तशी गोष्ट सांगितली. समुद्राच्या देवाने देवीच्या देवळात तिच्यावर जबरदस्ती केली, आणि देवीने शिक्षा दिली ती हिलाच. केसांचे साप केले. मग मुंडकं कापायला पर्सियस आला.

आई बराच वेळ गप्प होत्या.

"देवळातच?" म्हणाल्या, आणि दिवा घालवायला सांगितला.