सेट कुठे ठेवला होता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी रत्नागिरीत कुणी ओळखीचं भेटलं की हा प्रश्न येतोच: "काका, त्या जुन्या रंगीत टीव्हींत सगळ्यात चांगला कुठला हो?" आपल्या घरी होता त्याच कंपनीचं नाव ऐकायला मिळावं अशी प्रत्येकाची इच्छा असते. हल्ली जुने व्हिडिओ गेम खेळायला काचेच्या ट्यूबचा टीव्ही शोधणारी मुलंही विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, "सेट कुठे ठेवला होता?"

हे मी टाळाटाळ म्हणून करत नाही. मागचं झाकण काढलं की पुढच्या नावाचं महत्त्व निम्मं कमी व्हायचं. ओनिडाचं जेव्हीसीशी, बीपीएलचं सान्योशी, व्हिडिओकॉनचं तोशिबाशी तांत्रिक सहकार्य होतं. म्हणजे नाव आपलं, पण सर्किटची आखणी बरीचशी जपानी. पुढे पिक्चर ट्यूब आपल्याकडेच बनू लागल्या, गाझियाबादला सॅमटेलच्या आणि मोहालीला जेसीटीच्या. त्यानंतर दोन वेगळ्या नावांच्या सेटांत एकाच कारखान्याची ट्यूब निघणं ही रोजची गोष्ट झाली. ज्या दोन शेजाऱ्यांत आपल्या टीव्हीच्या रंगावरून चढाओढ चालायची, त्यांच्या घरांत कधीकधी ट्यूब एकाच जातीची असायची.

आपल्याकडे रंग उशिरा आला. अमेरिकेत रंगीत प्रसारण १९५४ साली सुरू झालं, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीत १९६७ साली. आपण रंग पाहिला तो १५ ऑगस्ट १९८२ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडच्या वेळी. या उशिराचा एक फायदा झाला, तो फारसा कुणी सांगत नाही. परदेशातल्या पहिल्या पिढीच्या रंगीत सेटांत वाल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या होत्या. तांबडा, हिरवा आणि निळा हे तिन्ही किरण पडद्यावर एकाच जागी बसवायला मेकॅनिकला डझनभर स्क्रू फिरवत बसावं लागे. आपल्यापर्यंत रंग पोचला तोवर ट्रान्झिस्टर रुळले होते आणि ट्यूबमधल्या हे किरण सोडणाऱ्या तीन गन एका ओळीत आल्या होत्या. ती जुळवाजुळव कारखान्यातच होऊन येई. वेस्टन, क्राउन, डायनोरा, अपट्रॉन, केल्ट्रॉन, हैदराबादचा ईसी असे कितीतरी सेट मी उघडले, आणि त्या जुळवाजुळवीसाठी फार क्वचित हात लावावा लागला.

नुसत्या चित्राबद्दल विचाराल तर मात्र मी नाव घेतो. सोनीची ट्रिनिट्रॉन. आमच्या भागातली पुष्कळ माणसं आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना दुबई-कुवेतहून टीव्ही आणत. तिथली आणि आपली रंगीत प्रसारणाची पाल पद्धत जुळती, त्यामुळे सेट इथे आणून लावला की चाले. बाकीच्या ट्यूबमध्ये काचेमागे भोकांची पत्र्याची जाळी असते. ट्रिनिट्रॉनमध्ये ताणलेल्या उभ्या पट्ट्या असतात, त्यामुळे किरण पडद्यापर्यंत जास्त पोचतात आणि चित्र उजळ दिसतं. पडदाही उभ्या दिशेत सपाट. त्या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून आडवी बारीक तार लावलेली असते, मोठ्या ट्यूबमध्ये दोन. पांढऱ्या चित्रावर तिची पुसट रेघ दिसते. ही रेघ दाखवायला घाबरून आलेल्या कितीतरी जणांना मी समजावून परत पाठवलं आहे. तो बिघाड नाही, ती तशीच असते. पहिल्यांदा तसा सेट लावला तेव्हा मासळी बाजाराच्या चित्रातला पापलेटचा चंदेरी रंग बघून मी हातातलं काम विसरलो होतो.

पण चित्र चांगलं असणं वेगळं आणि सेट टिकणं वेगळं. आमच्याकडे टीव्हीचे वैरी दोन, वीज आणि खारा वारा. संध्याकाळी दिवे लागले की व्होल्टेज १७० पर्यंत उतरायचं, आणि पावसात लाइन जाऊन आली की एकदम उसळायचं. सुरुवातीच्या सेटांना स्टॅबिलायझर लागायचाच. तो नसला की सगळ्यात जास्त भार पेलणारा हॉरिझॉन्टल आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट व्हायचा. सेट एकदम डेड. तेव्हा फ्यूजच्या जागी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब झगझगीत पेटला की समजायचं, शॉर्ट अजून आतच आहे. पुढे ९० ते २७० व्होल्टवर चालणारे पॉवर सप्लाय आले आणि हे काम निम्म्यावर आलं. टिकाऊपणात खरा फरक पडला तो या एका बदलाने, असं माझं मत आहे.

खाऱ्या वाऱ्यावर मात्र उपाय नव्हता. रंगीत ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट लागतात. ते एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर तयार करतो आणि रबरी टोपीखालून काचेत सोडतो. मिरग लागला की त्या टोपीभोवती ओल धरायची आणि अंधारात जांभळी ठिणगी चुरचुरायची. घरात एक तिखट वास पसरायचा. मग टोपी काढून, ट्यूबमधला चार्ज आधी उतरवून, स्पिरिटने काच पुसायची आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. जूनमध्ये माझं अर्धं काम हेच असे.

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन सेट मी वर्षानुवर्षं सांभाळले. एक मिऱ्याला समुद्रासमोरच्या घरात, दुसरा संगमेश्वरजवळ आत गावात. समुद्रासमोरच्या सेटचा एलओटी दोनदा गेला आणि पत्र्याचे भाग गंजून पावडर झाले. आतला सेट तब्बल २२ वर्षं चालला. त्याचे दोन कपॅसिटर बदलले, बाकी काही नाही. आता सांगा, ती कंपनी चांगली की वाईट?

उष्णतेचंही तसंच. कपॅसिटरवर ८५ अंश किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. साधारण हिशेब असा की १० अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्मं होतं. लोक टीव्ही शोकेसमध्ये भिंतीला चिकटवून ठेवत आणि वर भरतकामाचा रुमाल घालून झाकणाची हवेची जाळी बंद करत. त्या प्रेमाने कितीतरी चांगले सेट अकाली गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. थाप मारली की चालू होणारा टीव्ही तुम्हाला आठवत असेल. तोही उष्णतेचाच परिणाम. एलओटीच्या पायांभोवतीचं सोल्डर रोज तापून, निवून बारीक चिरतं. थापेने ते क्षणभर जुळतं. पाच मिनिटांचं काम, पण लोक वर्षभर थापा मारत राहायचे.

आणि शेवटी सुटे भाग. बाहेरून आणलेला एक सेट माझ्याकडे यायचा. त्याच्यासारखं चित्र अख्ख्या आळीत नव्हतं. त्याचा एलओटी गेला तेव्हा मी रात्रीच्या एसटीने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घातली. मिळाला नाही. इतका सुंदर सेट घरच्यांना माळ्यावर टाकावा लागला. त्याच आळीतला एक साधा देशी सेट नऊ वेळा माझ्या टेबलावर आला आणि नऊही वेळा उभा राहिला, कारण त्यातला प्रत्येक भाग आपल्या बाजारात मिळत होता. मला विचाराल तर टिकाऊ तो.

आता ज्या मुलांना असा सेट घ्यायचा आहे त्यांना मी एवढंच सांगतो. थंड सेट चालू करून चित्र यायला किती वेळ लागतो ते बघा. पांढरा रंग पांढराच दिसतो का बघा. हिरवट-निळा दिसला तर तांबडी गन थकली आहे. सेट घरी कुठे होता ते विचारा. आणि स्वतः झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते.

माझा स्वतःचा २१ इंची अजून हॉलमध्ये आहे. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास तो लावतो. कपॅसिटर फार दिवस वीज न मिळता पडून राहिले की बिघडतात. वरची जाळी मोकळी आहे, रुमाल नाही. डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे. या रविवारी नात आली होती. चित्र यायला सात-आठ सेकंद लागले, तोवर ती काचेला हात लावून केस उभे राहतात का ते बघत बसली.