पाळकाच्या गाडीत बसलेला येशू

मी पाळकाच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूच्या, घरात वाढले. त्यामुळे पडद्यावर कोणी पाळक दिसला की माझं लक्ष आधी त्याच्या बायकोकडे आणि मुलांकडे जातं. उपदेश चालू असताना ती पुढच्या बाकावर कशी बसलीत, कोण कोणाकडे बघतंय, बाहेर पडताना मंडळींशी हात मिळवताना चेहरा कसा ठेवलाय. हे बारकावे जमले की पुढचं मी मन लावून बघते. अमेरिकेतल्या 'द बुक ऑफ डॅनियल' या मालिकेला ते जमले होते. एनबीसी वाहिनीवर ६ जानेवारी २००६ ला ती सुरू झाली आणि जानेवारी संपायच्या आत बंदही झाली. आठ भाग तयार होते, त्यातले चार दाखवले गेले. पुढे डीव्हीडी आली म्हणून सगळे बघायला मिळाले.

मालिकेचा नायक रेव्हरंड डॅनियल वेबस्टर हा एपिस्कोपल चर्चचा, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या अमेरिकी शाखेचा, पाळक. आपल्याकडे 'फादर' म्हटलं की ब्रह्मचारी माणूस डोळ्यांपुढे येतो, पण या चर्चमध्ये पाळक लग्न करतात, संसार करतात. एडन क्विनने ही भूमिका केली आहे. पहिल्याच भागात त्याला पोलीस ठाण्यात जावं लागतं, कारण मुलगी ग्रेस गांजा विकताना पकडली गेली आहे. मोठा मुलगा पीटर समलिंगी आहे. दत्तक घेतलेला अ‍ॅडम मुलींच्या मागे. बायको ज्युडिथ संध्याकाळ व्हायची वाट न बघता पेला भरते. खुद्द डॅनियलच्या खिशात वेदनाशामक व्हायकोडिनच्या गोळ्या असतात आणि दुखत काही नसलं तरी त्या पोटात जातात. साडू चार्ली चर्चचे पैसे घेऊन पळतो. डॅनियलचे वडील स्वतः बिशप, आईला अल्झायमर, आणि वडिलांचे संबंध डॅनियलच्या वरिष्ठ बिशप बिअ‍ॅट्रिसशी. ही बिअ‍ॅट्रिस एलेन बर्स्टिनने उभी केली आहे.

इतकं सगळं पहिल्या दोन तासांत अंगावर येतं, आणि ते जास्त होतं. एका घरातल्या एका दुःखाला नीट वेळ दिला असता तरी मालिका उभी राहिली असती. चार्लीचं प्रकरण तर मला शेवटपर्यंत उपरंच वाटलं.

पण गाडीतला तो प्रसंग बघा. डॅनियल एकटाच गाडीत बसलाय, गोळ्यांची डबी काढतो, आणि शेजारच्या सीटवर येशू असतो. पांढरा झगा, दाढी, लांब केस, रविवारच्या शाळेतल्या चित्रात असतो अगदी तसा. गॅरेट डिलाहंटचा हा येशू फक्त डॅनियललाच दिसतो. तो चमत्कार करत नाही, गोळी हातातून काढून घेत नाही, उत्तरंही फारशी देत नाही. बघतो, विचारतो, कधी हसतो. डॅनियल त्याच्यावर चिडतो, सबबी सांगतो, विषय बदलतो. माझे वडील रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात प्रार्थना करायचे. ती प्रार्थना व्यासपीठावरच्या प्रार्थनेसारखी मुळीच नसे. मध्येच थांबत, मध्येच तक्रार करत. डॅनियलचं बोलणं ऐकताना मला तेच आठवत राहिलं. यात येशूची विटंबना झाली असं मला क्षणभरही वाटलं नाही. आपल्या देवाशी रोज बोलणारा, त्याच्यापासून काही लपवता येत नाही हे पुरतं ठाऊक असलेला पाळक मी दुसऱ्या कुठल्याच मालिकेत पाहिलेला नाही.

अमेरिकेत अनेकांना ती विटंबनाच वाटली. डोनाल्ड वाइल्डमन यांच्या अमेरिकन फॅमिली असोसिएशन या कर्मठ ख्रिस्ती संघटनेने पहिला भाग लागण्याआधीच मोहीम उघडली. निर्माता-लेखक जॅक केनी समलिंगी आहे, यावरही त्यांनी बोट ठेवलं. लिटल रॉक आणि टेरे होट या शहरांतल्या, एनबीसीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्थानिक केंद्रांनी मालिका दाखवायला नकार दिला. लिटल रॉकमध्ये मग दुसऱ्याच एका वाहिनीने ती दाखवली. जाहिरातदार कचरले, प्रेक्षकही घटत गेले. २० जानेवारीनंतर एनबीसीने पुढचा भाग लावलाच नाही.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. २००३ मध्ये न्यू हॅम्पशरला जीन रॉबिन्सन बिशप म्हणून निवडून आले, उघडपणे समलिंगी असलेले एपिस्कोपल चर्चचे पहिले बिशप. त्यावरून चर्च आतून दुभंगायला आलं होतं. अशा वेळी पाळकाच्या घरातला पीटर दाखवणं म्हणजे चालू भांडणात पाऊल टाकणंच होतं. तरी त्याच चर्चच्या वॉशिंग्टन धर्मप्रांताने या मालिकेसाठी खास ब्लॉग सुरू केला आणि लोकांना चर्चेला बोलावलं. हा मोठेपणा मला मनापासून भावला. आपल्याच घराचं असं चित्र दाखवलं जात असताना दार लावून न घेता 'या, बोलू' म्हणायला धीर लागतो.

विरोधकांनी पापांची यादी केली: दारू, गांजा, गोळ्या, व्यभिचार. त्या यादीत जिमी नव्हता. जिमी हा पीटरचा जुळा भाऊ, ल्युकेमियाने गेलेला. वेबस्टरांच्या घरात जे काही बिनसलंय त्याच्या मुळाशी हा मुलगा आहे. ज्युडिथच्या पेल्यात तोच आहे, डॅनियलच्या गोळ्यांतही तोच. दर आठवड्याला दुसऱ्यांच्या अंत्यविधीला धीर देणाऱ्या माणसाने स्वतःचा मुलगा पुरल्यावर काय करायचं? चर्चच्या मंडळीपुढे तो रडू शकत नाही, कारण मंडळी त्याच्याकडे बघून सावरत असते. पाळकाच्या घरातलं दुःख असं घरातच मुरतं. बाहेर 'प्रभूची इच्छा' म्हणावं लागतं, आणि आत कोणी कोणाशी त्या विषयावर बोलतच नाही. हे मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून या मालिकेला धर्मनिंदक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सुझॅना थॉम्पसनची ज्युडिथ तर बघाच. पाहुण्यांसमोर ती किती नीटनेटकी असते, आणि पाठ वळली की तिच्या खांद्यांवरून कळतं किती दमली आहे.

डीव्हीडी मिळाली तर पहिल्या दोन भागांच्या गर्दीला कंटाळून सोडू नका. चोरलेल्या पैशांचा धागा डोळ्याआड केलात तरी चालेल. डॅनियल आणि येशू समोरासमोर येतात ते प्रसंग, आणि ज्युडिथ एकटी असते ते, एवढे नीट बघा.