तलाव बोगद्यात का उतरत नाही?

मी बोगद्यांच्या कामात होतो हे कळले की भंडारा-गोंदियाकडचा माणूस, मग तो शेतकरी असो की शाळेतला गुरुजी, एक प्रश्न हमखास विचारतो: तलावाच्या तळाखालून बोगदा खणताना वरचे सगळे पाणी आत कसे येत नाही? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून नीट लिहूनच उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की तलाव किती पसरलेला आहे, याचा बोगद्याला काही धाक नसतो. धाक असतो तो खोलीचा. दर 10 मीटर खोलीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो, मग वर समुद्र असो की विहीर. हा दाब मधल्या जमिनीने अडवला तर बोगद्यातला माणूस कोरडा राहतो, म्हणून खरा प्रश्न पाण्याचा नसून मधल्या जमिनीचा आहे.

अमेरिकेतल्या शिकागो शहराचे सांडपाणी नदीवाटे मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवराच्या काठालगतहून घेतले जाई. एलिस चेसब्रो या अभियंत्याने दोन मैल आत जाऊन स्वच्छ पाणी घ्यायचे ठरवले. 1864 साली काम सुरू झाले. काठावर एक उभी विहीर खणली, सरोवरात लाकडी सांगाडा दगडांनी भरून तळावर बसवला आणि त्याच्या पोटातून दुसरी विहीर उतरवली, मग दोन्हीकडून खणत येणारे मजूर 1866 च्या अखेरीस एकमेकांना भेटले. पाच फूट व्यासाचा तो बोगदा विटांचे अस्तर देत हातांनी खणलेला होता. हे जमले ते मुख्यतः तळाखाली घट्ट, पाणी न झिरपू देणारी चिकणमाती होती म्हणून. चेसब्रोचे कर्तृत्व मला मान्य आहे, पण त्यात त्या मातीचा वाटाही मोठा होता.

जिथे माती किंवा खडक इतका भला नसतो, तिथे सगळी लढाई भेगांशी असते. आपल्याकडे विहीर खणताना जोराचा झरा लागला तर पंप लावून उपसा करता येतो आणि आसपासचे भूजल खाली गेले की झऱ्याचा जोर पुष्कळदा ओसरतो. तलावाखाली भेग लागली तर तिच्यामागे अख्खा तलाव उभा असतो आणि उपसून तो संपत नाही. म्हणूनच पुढे बारीक छिद्रे पाडून खडक तपासायचा, पाणी दिसले तर त्याच छिद्रांतून दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरायचे, ते घट्ट झाले की मगच पुढचे काही मीटर खणायचे, ही पद्धत आहे. काम कंटाळवाणे आहे, आणि घाईची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती इथेच.

लास वेगासजवळच्या लेक मीड जलाशयात 2000 नंतरच्या दुष्काळाने पाण्याची पातळी इतकी उतरली की शहरासाठी पाणी आत घेणारी जुनी दोन तोंडे उघडी पडायची भीती निर्माण झाली, तेव्हा तिसरे, अधिक खोल तोंड घ्यायचे ठरले. 2010 मध्ये सुरुवातीच्याच खोदकामात खडकाचा भंगलेला पट्टा लागून पाणी घुसले आणि अखेरीस बोगद्याची दिशाच बदलावी लागली. पुढे सुमारे 7.3 मीटर व्यासाच्या यंत्राने जवळपास पाच किलोमीटरचा बोगदा खणला. 140 मीटर पाण्याचा दाब धरला तर त्या यंत्राच्या गोल तोंडावर सुमारे 5,800 टन भार येतो. हा भार पेलत यंत्राचे खडक कापणारे दात फिरवायचे, मागे काँक्रीटच्या तुकड्यांचे कडे बसवायचे आणि दात झिजले तर ते बदलायचे कसे, हाही विचार आधीच करून ठेवायचा.

पाण्याच्या भीतीपोटी लोक वायू विसरतात. 24 जुलै 1916 रोजी क्लीव्हलंड शहराच्या पाण्यासाठी ईरी सरोवराखाली चाललेल्या बोगद्यात नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. वाचवायला गेलेले पहिले लोकही विषारी हवेने कोसळले. मग गॅरेट मॉर्गन या संशोधकाने स्वतः तयार केलेला श्वसन-टोप चढवून भावासह आत उतरून काही जणांना बाहेर काढले. माझ्या मते हवा खेळती ठेवणे हे अशा बोगद्यातले अस्तराइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बोगदा झाला तरी तलावाला तोंड पाडायचे उरतेच. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीतल्या तुडुमाचे, म्हणजे पाणी सोडायच्या छिद्रांच्या बांधकामाचे, बूच काढल्यासारखेच ते काम, फक्त बूच खडकाचे असते आणि एकदाच निघते. लेक मीडमध्ये तळावर आधीच काँक्रीटमध्ये बसवून ठेवलेल्या बंद मनोऱ्यात यंत्र डिसेंबर 2014 मध्ये अचूक शिरले. नॉर्वेत मात्र शेकडो ठिकाणी तळाखाली काही मीटर खडक ठेवून तो सुरुंगाने उडवला गेला. तुटलेले दगड पडायला खाली खड्डा ठेवतात आणि पाण्याच्या धक्क्याने आतली दारे फुटू नयेत म्हणून बोगद्यात किती पाणी व किती हवा ठेवायची, याचे गणित आधी करतात. आपल्या कोयनेच्या शिवाजीसागरात 13 मार्च 1999 रोजी आणि पुन्हा 25 एप्रिल 2012 रोजी हेच केले गेले. ते पाणी पिण्यासाठी नव्हे, विजेसाठी होते. पण धरण रिकामे न करता खालच्या पातळीवरून पाणी घेण्याची युक्ती तीच.

यावर गावात लगेच पुढचा प्रश्न येतो की मग आपल्या तलावाखालून असा बोगदा का काढत नाहीत. आपले तलाव उथळ आहेत, पाळ मातीची आहे आणि तुडुमाचे सर्वांत खालचे छिद्र उतारानेच पाणी बाहेर देते. त्या छिद्राखाली जे उरते, त्यात बहुतेक ठिकाणी गाळच जास्त आहे. तो काढायला बोगदा लागत नाही.