सांदवाडीतली (घरामागच्या परसातली) जाळी आणि बाभळीचे निखारे

भाच्याने पुण्याहून लोखंडी जाळीची शेगडी आणली, सोबत तयार कोळशाच्या विटांचं पाकीट. त्या विटा सारखी आच देतात, पण यवतमाळकडच्या शेतकऱ्याच्या घरी जळणाला तोटा नसतो. कोणतं जळण कशाला वापरायचं, एवढंच ठरवायचं होतं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मी आधी बाद केली. ढीगभर पडलेली असते, धडधडून पेटते, पाणी तापवायला चांगली. पण कपाशीवर हंगामभर किती फवारे बसतात ते आम्हाला माहीत आहे. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. भांड्याखाली पऱ्हाटी जळू दे. जिथे धूर थेट घासाला लागतो तिथे मला ती नको. रंगवलेली चौकट आणि प्लायचे तुकडेही त्याच कारणाने नकोत.

मग तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आणि बाभूळ. तुराट्या लगेच पेटतात, तशाच लगेच संपतात, म्हणून त्या फक्त विस्तव धरायला. रॉकेल अजिबात नाही, वास मांसात उतरतो. बाभूळ जड, निखारा दमदार. मात्र ती फोडून वर्षभर वाळलेली हवी. दोन ढलप्या आपटल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. ओल्या लाकडाची बरीच ताकद आतलं पाणी उडवण्यातच जाते आणि डोळ्यांत धूर भरतो.

जाळ उठताच भाचा जाळी ठेवायला निघाला. आई म्हणाली, "थांब रे बाबू, आधी धूर जाऊ दे, मंग ठेव."

खरं आहे. जाळ असेपर्यंत काजळी बसते. नंतर उरतो तो बहुतेक निव्वळ कार्बन, म्हणून निखाऱ्याला धूर कमी. पाऊण तासाने वर पांढरी राख चढली. जाळीच्या वीतभर वर तळहात धरला. चार-पाच आकडे मोजेपर्यंत सोसवलं, म्हणजे आच मध्यम. निखारे एका बाजूला सारले. वांगी थेट त्यांच्यावर, कोंबडीच्या तंगड्या कडेला, कारण चरबी ठिबकली की जाळ उफाळतो आणि वरून करपून आत कच्चं राहतं.

रोडग्यांसाठी, म्हणजे कणकेच्या जाड गोळ्यांसाठी, मात्र गवऱ्याच. त्यांची धग मंद आणि लांब टिकणारी, जाड कणीक आतपर्यंत शिजते. बाभळीवर ते साधत नाही.

रात्री थंडी वाढली, भाच्याला शेगडी खोलीत न्यायची होती. मी नेऊ दिली नाही. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो, झोपेत माणूस जातो. उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. हवा तुटली की ते विझतात, आणि तोच कोळसा पुढच्या वेळी लवकर पेटतो.