46 डिग्रीतलं यीस्ट

मी कोल्हापूरची, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत ओरेगॉनला आले, वर्क परमिट येईपर्यंत घरी बसून कंटाळले आणि मग पोर्टलंडजवळच्या एका होमब्रूच्या दुकानात लागले. म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांचं सामान विकणारं दुकान, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), मोठाली पातेली, नळ्या, बाटल्यांची बुचं आणि यीस्ट. तयार दारूचा एक थेंब आम्ही विकत नाही, पण हे सासरच्या ग्रुपवर समजावत कोण बसणार, तिथे मी "लॅबच्या सामानाच्या दुकानात" आहे. आणि अमेरिकेत हे सगळं कायदेशीर आहे बरं का, 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरने सही केली त्या कायद्याने, घरात दोन प्रौढ माणसं असली तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत बिअर घरी बनवता येते, फक्त विकायची नाही.

दुकानात यीस्टचा फ्रीज माझ्याकडे. लिक्विड यीस्ट म्हणजे जिवंत माल, 1 ते 4 डिग्रीत ठेवायचा, गोठू द्यायचा नाही, आणि नीट ठेवला तरी रोज थोडा थोडा मरतच असतो. जुना ठोकताळा असा की महिन्याला साधारण 20 टक्के पेशी जातात. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा पाकिटावरची तारीख बघतं, काही जण तर मागच्या रांगेतली पाकिटं उपसून काढतात, भाजीवालीकडे पालक उलटापालटा करतात ना अगदी तस्संच. मी काही बोलत नाही.

तर जून 2021. हवामानखातं आठवडाभर आधीपासून ओरडत होतं की उष्णतेची लाट येतेय, पण पोर्टलंडचा उन्हाळा म्हणजे काय ते माहीत असल्याने कुणी फार मनावर घेतलं नाही. शनिवारी 108 फॅरनहाइट, रविवारी 112, आणि सोमवारी 28 तारखेला 116, म्हणजे 46.7 सेल्सिअस. चंद्रपूरवाल्यांनी हसू नका, इथे बऱ्याच घरांत एसी नसतो हो, घरं थंडी धरून ठेवायला बांधलेली. लोकल ट्रेन बंद केल्या, स्ट्रीटकारची, म्हणजे ट्रामची, वीजेची केबल वितळली, आणि दुकानात काम करणारा दुसरा पोरगा ट्रेननेच येतो त्यामुळे त्या सोमवारी दुकानात मी आणि मालक, दोघंच.

आमचा यीस्टचा खोका शुक्रवारी यायचा होता तो आलाच नाही. कुरिअरचं ट्रॅकिंग शनिवार-रविवार एकाच जागी अडकलेलं, "गाडीत आहे" एवढंच. बंद ट्रक, बाहेर 44 डिग्री, आत किती झालं असेल तुम्हीच विचार करा. सोमवारी दुपारी दीडला तो खोका आला. थर्माकोल उघडला तर आतले जेलचे आइस पॅक इतके गरम की हातात धरवेनात, आणि यीस्टची पाकिटं सगळी टम्म फुगलेली.

आता हे फुगणं जरा सांगते कारण इथेच घोळ होतो. या प्रकारच्या पाकिटात आत अजून एक छोटी पिशवी असते, तिच्यात यीस्टचं खाणं. पाकीट तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने सणसणीत फटका मारायचा, आतली पिशवी फुटते, यीस्टला खायला मिळतं, गॅस सुटतो आणि काही तासांत पाकीट फुगतं, म्हणजे माल जिवंत. पण ही पाकिटं कुणी फटका न मारताच फुगलेली होती. मालक म्हणाला, "फुगलंय म्हणजे जिवंत आहे ना, तारीखही बघ, दोन आठवड्यांपूर्वीची, एकदम फ्रेश." तारीख खरंच फ्रेश होती. मी म्हटलं, फुगलंय म्हणजे ट्रकमध्ये कधीतरी जिवंत होतं, आत्ता आहे की नाही ते वेगळं.

तेवढ्यात फोन. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सत्तरीचे, रिटायर्ड, मी मनात त्यांना आजोबाच म्हणते. 2020 मध्ये कोविडमुळे पुढे ढकललेलं मुलीचं लग्न जुलैच्या शेवटी होतं आणि लग्नाला घरची गव्हाची बिअर, जर्मन पद्धतीची हेफेवायझन, द्यायचीच असा त्यांचा हट्ट. ही बिअर ताजीच चांगली लागते त्यामुळे फार आधी बनवून ठेवायचीही सोय नाही. तर आजोबांनी उन्हाच्या आधी उरकावं म्हणून पहाटे तीनला चूल पेटवली होती, 19 लिटर वर्ट उकळून, गार करून, तळघरातल्या फ्रीजमध्ये पिंपात तयार. "यीस्ट आलं का ग?" वर्ट म्हणजे माल्टचं गोड पाणी, यीस्ट पडलं नाही तर हवेतलं जे काही असेल ते त्यात मुक्काम करणार, फ्रीजमध्ये एक रात्र निघेल पण मग पुढे भरवसा नाही.

म्हटलं तासाभराने सांगते.

मालकाच्या ऑफिसात एक जुना मायक्रोस्कोप आहे, तो काढला आणि पेशी मोजायचा हिमोसायटोमीटर, ज्याच्या काचेवर बारीक चौकोनांची जाळी कोरलेली असते. हेफेवायझनचं एक पाकीट कापलं. वास थोडा भाजलेल्या पावासारखा यायला हवा, इथे मांसाच्या सारासारखा येत होता, तेव्हाच कळलं. तरी एक थेंब पातळ करून त्यात मिथिलीन ब्लू घातलं आणि काचेखाली लावला. जिवंत पेशी हा रंग आत घेतला तरी त्याचा निळेपणा घालवून टाकते, स्वच्छ दिसते, मेलेली पेशी निळीच राहते. 400 पट मोठं करून बघितलं तर सगळं आभाळ निळं, मध्ये कुठेतरी एखाद-दुसरी पांढरी. चौकोनामागून चौकोन मोजले, शंभरात नव्वदच्या वर मेलेल्या. मालकाला बोलावून डोळा लावायला लावला, तो काही न बोलता खोक्याला चिकटपट्टी लावायला लागला.

ड्राय यीस्ट होतं ना दुकानात, भरपूर होतं. ते उन्हाला एवढं घाबरत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या आठ जणांनी ड्राय यीस्ट वापरावं आणि लिक्विडच्या नादी लागू नये, पेल एलसारख्या नेहमीच्या बिअरला काही फरक पडत नाही. पण हेफेवायझनची गोष्ट वेगळी. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास हा ना केळ्याचा ना लवंगेचा, तो सगळा यीस्टचा, केळं आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरमुळे आणि लवंग 4-व्हिनाइल ग्वायकॉलमुळे. ड्राय गव्हाचं यीस्ट मी वापरून बघितलंय, बिअर वाईट होत नाही, पण आजोबांना जी हवी ती ती नव्हे. त्यांना फोनवर विचारलं तर "तसलं घालायचं तर मी सोडाच वाटतो लग्नात" असं उत्तर आलं.

दुसऱ्या दुकानांना फोन केले, एक उन्हामुळे बंद, दुसऱ्याचा माल आमच्याच ट्रकच्या नशिबाचा. मग शेवटी तिथून वीसेक मिनिटांवरच्या एका ब्रुअरीला फोन लावला, त्यांची गव्हाची बिअर चांगली असते. पोर्टलंडमध्ये ही पद्धत आहे, टाकीच्या तळाशी बसलेलं यीस्ट, ज्याला स्लरी म्हणतात, ब्रुअरीवाले ओळखीत फुकट देतात, नाहीतरी बरंचसं गटारातच जातं. अट एकच, बरणी स्वच्छ निर्जंतुक आणायची आणि त्यांचा वेळ खायचा नाही. ब्रुअर म्हणाला, "चारच्या आत ये, आमचा चिलर जीव टाकतोय, आज कधी काय बंद पडेल सांगता येत नाही."

मालकाच्या कूलरमध्ये बर्फ भरला, दोन काचेच्या बरण्या सॅनिटायझरने धुतल्या, आणि घरून आणलेली कोकम सरबताची बाटलीही सोबत घेतली, रिकाम्या हाताने जायला बरं वाटत नाही. गाडीचं स्टिअरिंग धरायला टॉवेल लागला.

ब्रुअरीत सगळे पंखे टाक्यांकडे तोंड करून लावलेले, माणसांकडे एकही नाही. ब्रुअरने टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह उघडला, पहिल्यांदा जे येतं ते तपकिरी, गचाळ, हॉप्सचा गाळ आणि मेलेलं यीस्ट, ते सोडून दिलं. मग मधलं येतं ते, दाट, साईच्या रंगाचं. हे यीस्ट लवकर खाली बसत नाही, हेफेवायझन गढूळ असते ती त्यामुळेही, पण त्याने ती टाकी दोन दिवसांपूर्वी गार केली होती म्हणून तळाशी तेवढं जमलं होतं. बरणीच्या तोंडावर अल्कोहोल फवारलं, अर्धी-अर्धीच भरली, झाकण सैल ठेवलं. घट्ट लावलं की गॅसने बरणी फुटते, आणि बर्फात फुटलेली काच शोधणं हे कुणालाच नको असतं. कोकम त्याने उभ्या उभ्या संपवलं आणि यात काय घातलंय म्हणून विचारलं, मी म्हटलं पुढच्या वेळी सांगते, आधी यीस्ट.

दुकानात येऊन परत काचेखाली. या वेळी जवळजवळ सगळं पांढरं, शंभरात चार-पाच निळ्या, आणि काही पेशींना बाजूने छोटी कळी फुटलेली. मोजणीत मिलिलिटरला अब्जाच्या जरा वर पेशी आल्या. आता हिशोब, 19 लिटर, 12 डिग्री प्लेटोचं वर्ट (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप), एल प्रकारच्या बिअरचा नियम मिलिलिटरला दर प्लेटोमागे साडेसात लाख पेशी, म्हणजे 170 अब्जांच्या आसपास. 200 मिलि स्लरी घातली की झालं, विकतच्या ताज्या पाकिटात सुद्धा साधारण 100 अब्जच असतात.

सातला आजोबांच्या तळघरात. त्यांनी वर्ट 18 डिग्रीवर आणून ठेवलं होतं, मी बरणी दिली, त्यांनी ती नाकाला लावली आणि "केळं" एवढंच म्हणाले. पिंपाला जाड नळी लावायला सांगितली कारण हे यीस्ट फेस करून झाकण उडवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेसेज, नळीतून फेस बादलीत येतोय, बायको ओरडतेय.

मेलेल्या खोक्याचं काय झालं तर आम्ही कुरिअरकडे क्लेम टाकला. फोटो, मोजणीचे आकडे, काचेखालच्या निळ्या पेशींचे फोनने काढलेले फोटो सगळं जोडलं. उत्तर आलं की खोका कुठेही फुटलेला किंवा ओला नव्हता त्यामुळे माल सुस्थितीत पोचलेला आहे. यीस्ट कंपनीने मात्र काही न विचारता नवीन पाठवलं, आणि तेव्हापासून आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सोमवारी निघणाराच माल मागवतो, म्हणजे शनिवार-रविवार गाडीत जायला नकोत. आजोबा अजूनही तारीख बघून घेतात, वर मला विचारतात, "काचेखाली बघितलंस का?"