नुसतं धुम् धुम्

दुपारी जरा आडवी झाले आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी गाणी लावली. गाणी कसली, नुसतं धुम् धुम् धुम्. शब्द नाहीत, चाल नाही, आणि गाणं ओळखू येत नाही म्हणून झोपही लागेना. भिंतीचं कसं असतं, सेकंदाला पन्नास-साठ वेळा थरथरायला ती तयार असते, पण बारीक सुरांसाठी चार-पाच हजार वेळा थरथर म्हटलं की एवढी जड बाई जागची हलतच नाही! म्हणून बास, म्हणजे गाण्यातले जाड सूर, तेवढे खाली येतात, गायक वरच राहतो.

शाळेच्या पुस्तकातल्या ध्वनिलहरीच्या चित्रावर माझा जुना राग आहे. सापासारखी वळवळणारी ती रेघ म्हणजे दाबाचा आलेख, हवा काही अशी वरखाली नाचत नाही. ती पुढे-मागे होते, आणि तेही जागच्या जागी, गर्दीत मागून धक्का आला की आपण पुढच्याला देतो आणि परत होतो तिथेच उभे, तसं. म्हणजे लांबून कोणी हाक मारली तर त्याच्या तोंडातली हवा आपल्यापर्यंत येतच नाही, येतो तो फक्त धक्का, सेकंदाला साधारण 343 मीटर.

लहानपणी मोकळ्या मैदानातून गेलेली एक लांबच लांब लोखंडी पाइपलाइन होती. मावसभाऊ पार त्या टोकाला जाऊन दगड आपटायचा आणि मी इकडे पाइपाला कान लावून. एकदा टण्ण, आणि मग दुसऱ्या कानात हवेतून उशिरा आलेला दुसरा टक्. लोखंडातून आवाज हवेच्या दहा-पंधरापट वेगाने पळतो हे तेव्हा कोणाला माहीत, आम्हाला एका दगडाचे दोन आवाज ऐकण्याचंच भारी कौतुक. ऊन, गंजाचा वास, कानाला लागणारा चटका, आणि 'आता मी, आता मी' म्हणून भांडण.

न्यूटनने हवेतल्या आवाजाचा वेग गणिताने काढला तर तो खऱ्यापेक्षा साधारण 15 टक्के कमी आला. त्याचं कारण पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं, हवा दाबली गेली की क्षणभर तापते आणि त्या तापण्याने लाट जोरात पुढे जाते. आवाजात तापणं असतं हे मला फार आवडलं. तसंही शेवटी सगळा आवाज भिंतीत, पडद्यात, हवेत मुरून उष्णताच होतो. भांडणंसुद्धा. पण इतकी कमी की तासभर तावातावाने ओरडलं तरी थर्मामीटरला त्याचा पत्ता नाही. मग कशाला एवढा घसा फोडायचा, पण फोडतो.